सात नंबरच्या भोकाची पहिली कोअर

“बाई, जरा चहा सांगता का?” डॉ. सरनोबत मला म्हणाले आणि मी सांगितला. साखर दुप्पट घालायला सांगितली. त्यांना नुकताच मधुमेह निघाला होता आणि ते मला त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं होतं.

एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि कप बाजूला सारला. एवढ्यानं माझं काय होणार होतं म्हणा! अकरा वर्षांचा डूख होता तो. पण कुठून तरी सुरुवात करायची म्हणून केली.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. पुण्याजवळच्या एका खडक-तपासणी प्रयोगशाळेत मी टेक्निशियन होते. डोंगराच्या पोटात वीजघरासाठी गुहा खणायची तर आधी भोक पाडून खडकाची कोअर काढतात. कोअर म्हणजे मनगटाएवढ्या जाडीचा दगडी दांडा. तो तपासून आम्ही सांगायचो, की आत डोंगर किती दाबाखाली आहे आणि कुठल्या दिशेनं सगळ्यात जास्त दाबला गेलाय. त्या दिशेवर माणसांचा जीव असतो. गुहेची लांबी जोराच्या दिशेनं ठेवली तर निभावतं. लांब भिंत जोरासमोर आडवी आली, तर एक दिवस खडक भिंतीतून फुटून अंगावर येतो.

भैरवघळच्या वीजघरात माझा सोपानमामा असाच गेला. शहाऐंशी साली, भरदुपारी, डबा खाऊन हात धुताना. त्याच्याबरोबर आणखी एक माणूस गेला. आणि ज्या कोअरवरून त्या गुहेची दिशा ठरली होती, ती काढली होती माझ्या वडिलांनी. यशवंत डांगे, भैरवघळचा सगळ्यात जुना ड्रिलर. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

चौकशीचा अहवाल लिहिला डॉ. विलास सरनोबत यांनी, त्या कामाचे सल्लागारही तेच होते. त्यात एकच वाक्य आमच्या घरावर पडलं, ‘ड्रिलरने कोअरवरील उत्तर दिशेची खूण चुकीच्या बाजूस केली.’ खाली अण्णांची सही होती. कबूल म्हणून.

अण्णांची नोकरी गेली ती गेलीच. पण आई त्या दिवसापासून अण्णांशी बोलली नाही. सोपानमामा तिचा पाठचा भाऊ, तिनं अंगाखांद्यावर वाढवलेला. अण्णा दोन हातांवर बसलेले असायचे आणि आई मला सांगायची, “शालन, जेवायला वाढलंय म्हणावं.” मी म्हणायची, “अण्णा, जेवायला वाढलंय.” अण्णा म्हणायचे, “आलो म्हणावं.” मी नोकरीला लागून पुण्याला आले तेव्हा वाटलं, आता कसं करतील? काही नाही, आई भिंतीला सांगायला लागली. “वाढलंय,” असं भिंतीकडं तोंड करून म्हणायची आणि अण्णा उठून पाटावर यायचे.

मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा गावात कौतुक झालं, पोरगी हुशार म्हणून. हुशार कसली! मला सरनोबताचं नरडं धरायचं होतं आणि ते धरायला कुठं उभं राहावं लागतं तेवढं मी शोधून काढलं होतं. कारण अण्णांनी खूण चुकवली यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. ज्या माणसाला अंधाऱ्या बोगद्यात होकायंत्राशिवाय उत्तर कळायची, तो उत्तर चुकवेल? साहेबानं गरीब माणूस गाठला, दरडावून सही घेतली आणि स्वतःची मान सोडवली, असं मी धरून चालले होते.

आणि आता भैरवघळचा दुसरा टप्पा निघाला होता. सल्लागार पुन्हा सरनोबतच. नव्या कोअर तपासायला आमच्याकडं आल्या होत्या आणि पंधरा दिवसांनी आमच्याच सभागृहात समितीची बैठक होती. माझ्या कोटावर काटकर हे सासरचं आडनाव होतं. त्यांनी मला ओळखायचं काही कारणच नव्हतं.

राहिलेल्या पेट्या आणायला कुरेशी सरांनी मलाच भैरवघळला पाठवलं. कुरेशी सर आमचे प्रमुख. बोलणं कमी, पण सही करताना कागद तीनदा वाचणारा माणूस. तिथल्या शेडमध्ये नव्या पेट्या पुढं होत्या आणि जुन्या मागं, ताडपत्रीखाली. मी ताडपत्री ओढली. सात नंबरचं भोक, गुहेची दिशा ज्याच्यावरून ठरली तेच, आणि त्याची पहिली पेटी. झाकणाला खिळे होते. ते मी पान्यानं उचकटले, नव्या पेट्यांच्या यादीखाली हिचंही नाव लिहिलं, सही केली आणि पेटी घेऊन आले.

भैरवघळच्या कामाची रीत अशी होती. भोक सुरू करायच्या आधी ड्रिलर होकायंत्र ठेवून उत्तरेकडं छिन्नीनं खाच मारायचा. पहिला तुकडा बाहेर आला की त्या खाचेवरून लाल रंगाची रेघ खाली ओढायचा. मग शेडमध्ये साहेब, म्हणजे सरनोबत, तुकड्याला तुकडा जुळवून तीच रेघ शेवटपर्यंत वाढवायचे. पहिला तुकडा वरचा, उन्हावाऱ्याचा, म्हणून तो तपासणीला घेत नाहीत. त्यामुळं तो पेटीत तसाच पडून होता.

मी तो दिव्याखाली धरला. लाल रेघ होती. जरा जाड, वर फुगीर आणि खाली निमुळती. खालच्या तुकड्यांवर तीच रेघ पट्टी लावून नेलेली होती, ती मात्र खऱ्या रंगाची. आणि छिन्नीची खाच? ती रेघेवर नव्हतीच. तुकडा पाव वळसा फिरवल्यावर सापडली. स्वच्छ, खोल, अण्णांच्या हातची. तिच्यावर रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

मग ही लाल रेघ कसली? चुनखडी ओळखायला आमच्याकडं सौम्य आम्लाची बाटली असते. त्यातला एक थेंब मी रेघेच्या कडेवर सोडला आणि बघत राहिले. लाल होतं ते पिवळं झालं.

खरा रंग असता तर आम्लानं पिवळा झाला नसता. हळदीचं कुंकू होतं.

मला हसूच फुटलं. नव्या भोकाची पहिली कोअर निघाली की कामावर नारळ फुटायचा, कोअरला हळदकुंकू लागायचं, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. म्हणजे कुणीतरी ओल्या कुंकवाचं बोट ओढलं होतं आणि एवढा शिकलेला पंडित त्यालाच उत्तरेची रेघ समजून पट्टी लावून बसला होता. वर नाव अण्णांचं घातलं! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी खुर्चीवरून उठून तीनदा खोलीभर फिरले.

कुरेशी सरांना सगळं दाखवलं. मी कोण तेही सांगितलं.

त्यांनी तुकडा उचलून तो पिवळा डाग दिव्याखाली धरला. मग म्हणाले, “काटकर, ही तपासणी आहे की सूड?”

“दोन्ही, सर.”

“मग निकाल दोनदा काढा. एकदा तपासणीचा, एकदा सुडाचा. दोन्ही सारखे आले तर मी सही करीन.”

दोनदा काढला. खडकाची एक गंमत आहे. डोंगरात त्यानं जेवढा दाब सोसलेला असतो, तेवढ्यापर्यंत तो आमच्या दाबयंत्राच्या प्रेसखाली गप्प असतो. काटा त्याच्या पुढं गेला की आत बारीक तडे जायला लागतात आणि त्यांची किटकिट सुरू होते. ती आपल्या कानाला येत नाही, यंत्राला येते. खालच्या कोअरमधून मी वेगवेगळ्या दिशांनी बोटभर तुकडे कापले आणि एकेक करून दाबले. कुठला सगळ्यात उशिरा बोलतो ते बघायचं. जो उशिरा बोलला त्याच्या दिशेचा जोर सगळ्यात मोठा. लाल रेघ उत्तर धरली तर जोर दक्षिणोत्तर येत होता, म्हणजे गुहा खणण्याआधी सरनोबतांनी दिला होता तसाच. खाच उत्तर धरली तर पूर्व-पश्चिम. आणि शहाऐंशी साली फुटली ती दक्षिणोत्तर खणलेल्या गुहेची पूर्वेकडची लांब भिंत. नवे तुकडे कापून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, दोन्ही वेळा निकाल तोच आला.

कुरेशी सरांनी तीनदा वाचून सही केली.

बैठकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चारच्या सुमाराला सरनोबत नव्या कोअर बघायला आले. टेबलावर जुनी पेटी होती. मी मुद्दामच ठेवली होती. ते दारातच थांबले.

“ही इथं कशी?”

“मी आणली. मी यशवंत डांग्यांची मुलगी.”

ते स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. मला वाटलं होतं ओरडतील, माझ्या नोकरीची भाषा करतील. मी त्याची तयारी करून होते. पण त्यांनी हळूच विचारलं, “घरी बोललात?”

“घरी काय बोलायचंय? उद्या समितीपुढं बोलणार आहे.”

“उद्या नको. माझं ऐका. पुढच्या आठवड्यात मी स्वतः लिहून देतो, चूक माझी म्हणून. राजीनामाही देतो. पण तुम्ही आधी गावी जा आणि वडिलांना विचारा. एकट्यांना विचारा.”

“चोराच्या उलट्या बोंबा! सही दरडावून घेतलीत आणि आता त्यांनाच विचारू?”

“मी सही मागितली नव्हती बाई.”

“मग काय त्यांनी हौसेनं केली?”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “मला बोलता येत नाही. शब्द दिलाय. विचारा त्यांना, एवढंच सांगतो.”

“आठवडाभरात तुम्ही ही पेटी गायब कराल. मी काय दूधखुळी आहे? त्यांच्या सहीवर अकरा वर्षं सुखानं झोपलात तुम्ही.”

“झोपलो,” ते म्हणाले. “ते खरं आहे.”

त्यांचा चेहरा पडला होता आणि मला तो तसा बघायला फार आवडलं. मी पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली त्यांच्यासमोर पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मुख्य अभियंता होते, त्यांची तीन माणसं होती. कुरेशी सरांनी निकाल वाचला. मग मी पहिला तुकडा टेबलावर ठेवला, खाच दाखवली आणि म्हणाले, “आता ही लाल रेघ बघा.” बाटली काढून मी थेंब सोडला. सगळे वाकले होते. लालाचं पिवळं झालं आणि एकजण म्हणाला, “अरे, हे तर कुंकू!”

मुख्य अभियंत्यांनी विचारलं, “सरनोबत, ही रेघ तुम्हीच पुढं नेलीत?”

“हो.”

“खाच बघितली नाही?”

“नाही. लाल दिसलं, पट्टी लावली. घाई होती.”

“आणि हे तुम्हाला कळलं कधी?”

“अपघातानंतर तिसऱ्या दिवशी.”

“मग अहवालात ड्रिलरचं नाव?”

सरनोबतांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर हलवली नाही. “त्याला माझ्याकडं उत्तर नाही,” ते म्हणाले.

“कुंकू कुणी लावलं होतं?”

“ते मला सांगता येणार नाही.”

अर्ध्या तासात त्यांचं सल्लागारपद गेलं. जुना अहवाल चुकीचा ठरल्याचं पत्र टाइप झालं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की श्री. यशवंत डांगे यांनी केलेली खूण अचूक होती. त्याची एक प्रत मी हातात मागून घेतली. सरनोबत जिना उतरत होते, कठड्याला धरून. मी वर उभी राहून शेवटच्या पायरीपर्यंत बघितलं. मला किती बरं वाटलं ते मी आज लपवणार नाही. सोपानमामाला अग्नी देतानाही मी रडले नव्हते, त्या दिवशी जिन्यात रडले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले. गावात पोचले तेव्हा उन्हं चढली होती. आई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती आणि अण्णा अंगणात खुरप्याला मूठ बसवत होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“दोघंही ऐका,” मी म्हणाले आणि ते पत्र मोठ्यानं वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तारखेसकट. “कळलं का आई? अण्णांची खूण बरोबर होती! सोपानमामाचं मरण अण्णांमुळं नाही आलं. त्या सरनोबतामुळं आलं. काल त्याला सगळ्यांसमोर नागडा केला मी!”

आईचे हात थांबले. तिनं मान वर करून अण्णांकडं बघितलं. अकरा वर्षांत मी तिला असं बघताना पाहिलं नव्हतं. मला हवं होतं ते मिळालं होतं, अगदी तेवढंच, आणि तिथंच मी तोंड मिटायला हवं होतं.

“मग साहेबाची चूक कशी झाली?” आईनं मला विचारलं.

“शालन,” अण्णा म्हणाले, “आधी पाणी दे मला.”

“देते हो! आई, गंमत ऐक. कोअरला पूजेचं कुंकू लावलं होतं कुणीतरी. वरून खाली बोट ओढलेलं. तो शहाणा त्यालाच रेघ समजला.”

“मी लावलं होतं,” अण्णा चटकन म्हणाले. “माझंच बोट. झालं ते झालं. पाणी आण.”

आई उठून उभी राहिली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. आणि ती बोलली. भिंतीशी नाही, माझ्याशीही नाही.

“तुमी जन्मात कधी कुंकवाला हात लावलाय व्हय?”

अण्णांनी खुरपं खाली ठेवलं.

“कितवं भोक?” आईनं विचारलं. “सातवं ना?”

“हिरा, जाऊ दे.”

“सातवंच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोपान मला न्यायला आला हुता. ताई चल म्हणाला, नवं भोक लागलंय, तुझ्या हातचं कुंकू पडू दे. मी म्हणलं आंबिल चुलीवर हाय. तर म्हणाला, मी हाय की ढवळायला, तू चल.” तिनं उजवा हात वर धरला आणि त्या बोटाकडं बघितलं. “उंबऱ्याला वढते तसं वढलं मी. तुमी समोर उभं हुता.”

“रंगाचा डबा संपला होता,” अण्णा म्हणाले. “नवा आला की हे पुसून खाचेवर रेघ ओढीन म्हटलं. तेवढ्यात पेटी शेडला गेली. राहून गेलं. चूक माझीच आहे, मी काही खोटी सही केली नाही.”

“आन अकरा वर्षं मी तुमास्नी काय काय म्हणलं मनातल्या मनात. तुमी ऐकून घेतलं. सांगितलं का न्हाई?”

“मला शिव्या देत तू जेवत तरी होतीस, हिरा. हे कळलं असतं तर तू त्याच आठवड्यात विहीर जवळ केली असतीस.”

आई वळली. आत गेली. मी तिच्या मागं जाणार तर अण्णांनी माझा दंड धरला. ते स्वतः गेले आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर शेंगा गोळा करत बसले. आतून आईचा आवाज येत होता. असं रडणं मी तिचं मामा गेला तेव्हाही ऐकलं नव्हतं. तेव्हा तिला रागवायला माणूस होता.

आई विहिरीकडं गेली नाही, कारण अण्णांनी पुढचे सहा महिने तिला नजरेआड होऊ दिलं नाही. पण तिनं कुंकवाच्या करंड्याला पुन्हा हात लावला नाही. नवरा जिवंत असताना बाई कपाळ मोकळं ठेवून हिंडते म्हणून गावानं तोंडसुख घेतलं. मग अण्णाच रोज सकाळी तिला समोर बसवून टिकली लावायला लागले. सुरुवातीला वाकडी लागायची.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. दुपार कलल्यावर अण्णा बाहेर आले, माझ्याशेजारी ओट्यावर टेकले.

“शेडमध्ये मी पाया पडलो होतो त्या सरनोबताच्या,” ते म्हणाले. “म्हटलं, माझ्या नावावर घाला, पण कुंकवाचा उल्लेख कुठं करू नका. माझी बायको मरेल. शब्द दिला होता त्यानं. त्याचंही भागत होतं म्हणा त्यात, पण दिला होता.” मग माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, “तुला काहीच बोलला नाही तो? आधी बापाला विचार, असं काही?”

मी पत्राची घडी घालत होते. ती घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

“नाही अण्णा,” मी म्हणाले. “काहीच नाही बोलला.”

“हलकट,” अण्णा म्हणाले. “बेइमान निघाला शेवटी.”

सरनोबत त्यानंतर सहा वर्षांनी वारले. अण्णांनी पेपरात वाचलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बरं झालं.” मी समोरच बसले होते. मी मान हलवली.